एक पाणी कमी

दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर नर्स दंडावर कापसाचा बोळा ठेवते आणि दाबून धरा म्हणते. मी धरत नाही. मी तो बोळा दोन बोटांत घेऊन चोळून बघतो. घरचे हसतात, म्हाताऱ्याची खोड म्हणतात. नातवाने तर एकदा डॉक्टरांसमोर माझी नक्कल करून दाखवली. मीही हसलो. खोड म्हटली की पुढचं काही सांगावं लागत नाही, म्हणून मी त्यांना तसंच म्हणू देतो.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी साखरखेर्ड्याच्या एका शाळामास्तराचा मुलगा, अमरावतीला बी.एस्सी. करून आलेला. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, आणि तो मान मी डोक्यावर तुरा खोचल्यासारखा मिरवत होतो. संग्रामपूरच्या अलीकडे एका जिनिंगच्या मालकाने दवाखान्याचा कापूस करायचा छोटा कारखाना काढला होता. त्याला केमिस्ट हवा होता. मी गेलो आणि चिकटलो. घरी चौघांची तोंडं माझ्या पगाराकडे लागलेली होती, हेही सांगून ठेवतो. सबब म्हणून सांगत नाही, पण खरं ते खरं.

मालक हौशी माणूस. मुंबईला व्यापाऱ्यांच्या कुठल्याशा बैठकीला जाऊन आले आणि तिथून एकच मंत्र घेऊन आले, परकी चलन. देशाला परकी चलन हवं, आणि औषधपाण्याचा माल बाहेर पाठवला तर सरकार पाठीशी आहे. मला म्हणाले, आपल्या जिल्ह्यातून दवाखान्याच्या कामाचं काय काय बाहेर जाऊ शकेल ते लिहून काढा. मी सहा पानं लिहिली. सातपुड्यातला हिरडा, बेहडा, डिंक, मुसळी, आणि सगळ्यात वर आपला कापूस. आपला कापूस गाठी बांधून मुंबईला जातो आणि पट्ट्या होऊन आपल्याच जखमांवर परत येतो, असं एक वाक्य मी त्यात घातलं होतं. मालकांना ते इतकं आवडलं की येईल त्याला वाचून दाखवत. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी आमची दोघांची गत. अजून एक पेटी विकलेली नव्हती आणि मी मनात एडनच्या बंदरावर उभा होतो.

एडन मी उगाच म्हणत नाही. मुंबईच्या ओळखीतून तिथल्या एका व्यापाऱ्याचं पत्र आलं. तो तिकडच्या इस्पितळांना माल पुरवायचा. बारा गुंडाळ्यांचा नमुना पाठवा, पसंत पडला तर वर्षाची मागणी देतो, असं त्याने लिहिलं होतं.

आता कापूस कसा व्हायचा ते थोडक्यात सांगतो. सरकी काढलेली रुई सोडा टाकून मोठ्या भट्टीत उकळायची, मग ती शुभ्र करायची, मग धू धू धुवायची, वाळवायची, पिंजायची आणि पातळ थर करून निळ्या कागदात गुंडाळायची. यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे धुणं. तो सगळा खाऱ्या पाण्याचा पट्टा. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. एका धुण्याला आम्ही एक पाणी म्हणायचो. म्हणून पहिली पाणी खारी, आणि शेवटची दोन गोडी, असा मीच नियम घालून दिला होता. गोडं पाणी मालकांच्या लांबच्या मळ्यातून बैलगाडीवरच्या टाकीतून यायचं.

धुण्यापासून गुंडाळण्यापर्यंत सगळं काम बायकांचं. त्यांच्यावर एक मुकादमीण होती. पंचेचाळिशीची असेल, अंगाने काटक, बोलायला कमी. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला साहेब. तिच्या हाताची गावात ख्याती होती. महालक्ष्म्यांच्या सणाला मालकांच्या घरापासून दहा-बारा घरं तिच्याकडून फुलवाती वळून नेत. तिच्या हातचं स्वच्छ असतं, असं बायका म्हणायच्या. कारखान्यातही तिच्या हातची गुंडाळी कुठे जाड, कुठे पातळ अशी कधी नसायची. एडनच्या बारा गुंडाळ्या तिनेच वळायच्या, हे न बोलता ठरलेलं होतं.

नमुन्याचा कापूस आम्ही चैत्रात धुतला. गाडीचा एक बैल लंगडत होता, त्या दिवशी टाकीच्या दोन खेपांऐवजी एकच आली. गोडं पाणी एकदाच देता आलं. मुंबईला माल पोचवायचा दिवस ठरलेला होता. मी हौदाच्या काठावर उभा राहून, वाळत घाला, असं सांगितलं. मावशीने हौदातून मूठभर कापूस काढला, पिळला आणि बोटं एकमेकांवर घासली.

"साहेब, हात बुळबुळीत लागते. अजून एक पाणी द्या लागन."

एवढंच ती म्हणाली, आणि हळू म्हणाली. पण वीस-बावीस बायका ऐकत होत्या. मी भडकलो. केमिस्ट तू आहेस का मी, असं विचारलं. अमरावतीला चार वर्षं मी काय गोवऱ्या थापत होतो का, असंही विचारलं. दोघी-तिघी पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मला वाटलं त्या तिला हसताहेत.

माझ्या खोलीत लिटमसच्या कागदाची डबी होती. पिळलेल्या पाण्यात एक कागद बुडवायचा, निळा झाला तर सोडा राहिलाय, पुन्हा धुवायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. ते मी केलं नाही. विसरलो नव्हतो. कागद बुडवला असता तर ती खरी ठरली असती, म्हणून बुडवला नाही. इतक्या वर्षांत या गोष्टीला मी पुष्कळ कारणं शोधली, बैलाचं, पाण्याचं, मुंबईच्या तारखेचं. पण खरं कारण हे आहे.

कापूस वाळला, पिंजला, बारा गुंडाळ्या झाल्या. पाण्यात टाकला की तो पटकन बुडायचा, म्हणजे शोषायला चांगला, आणि दिसायला पांढराफेक. मालक खूश. पेटी शेगावच्या स्टेशनवर गेली आणि तिथून मुंबईला.

आषाढात एडनचं उत्तर आलं. इंग्रजी पत्र, म्हणून मालकांनी ते माझ्यासमोर ठेवलं. माल चांगला आहे, पांढरा आहे, पाणी चांगलं शोषतो, असं सुरुवातीला होतं. मी वाचत वाचत फुगत होतो. पुढे लिहिलं होतं की एका गुंडाळीच्या अगदी आतल्या वेढ्यावर लाल डाग सापडला, रक्ताचा दिसतो. इस्पितळवाले म्हणतात, असला कापूस आम्ही जखमेवर कसा ठेवायचा? खुलासा करावा. सोबत डागाचा तुकडा जोडला आहे. पाकीट उलटं केलं तर टेबलावर बोटभर कापूस पडला. त्यावर बोटाचा ठसा उमटावा तसा लाल डाग.

मालकांचा चेहरा उतरला. कुण्या बाईचं बोट कापलं असेल आणि ती तशीच कामाला बसली असेल, असं ते म्हणाले आणि डोकं धरून बसले. तुकडा घेऊन माझ्या खोलीत आलो.

रक्त दोन महिन्यांत तपकिरी पडतं. हा डाग कुंकवासारखा लाल होता. त्या भागात कापसाच्या पहिल्या वेचणीला बायका शेतात सीतादही करतात. झाडाला हळदकुंकू लावतात, दहीभात शिंपडतात, आणि मगच बोंडाला हात घालतात. पहिला माल घराबाहेर पडताना त्याला हळदीचं बोट लागलं पाहिजे, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. परदेशी निघालेल्या पहिल्या गुंडाळीला कुणीतरी आतून, दिसणार नाही अशा जागी, हळदीचं बोट लावलं होतं. आणि हळद सोड्याला किंवा चुन्याला लागली की लाल होते. कुंकू तसंच करतात. कॉलेजात आम्ही हळदीचे कागद वापरून हीच परीक्षा करायचो.

तरी मी खात्री करून घेतली. माझा जेवणाचा डबा आणणाऱ्या पोऱ्याकडून लिंबू मागवलं, तुकड्याचा कोपरा तोडून त्यावर दोन थेंब पिळले. लाल डाग डोळ्यांदेखत पिवळा झाला. स्वच्छ, हळदीचा पिवळा. तो डाग रक्ताचा नव्हता, पण हळदीचा म्हणून सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता. हळद लाल का झाली? सोडा राहिला म्हणून. सोडा का राहिला? एडनवाल्यांनी सोड्याची परीक्षा केलेली नव्हती. कळलं असतं तर केली असती, आणि बाराच्या बारा गुंडाळ्या नापास झाल्या असत्या. पिवळा झालेला कोपरा मी भट्टीखालच्या जाळात टाकला. उरलेला लाल तुकडा पाकिटात परत घालून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी सगळ्या बायकांना अंगणात उभं केलं. प्रत्येकीचे हात बघायचे, जखम किंवा जखमेचा वण सापडतो का पाहायचा. आणि बघायचे कुणी? शिकलेला माणूस म्हणून मी.

मी बघितले. एकेकीसमोर थांबून, हात उलटसुलट करायला लावून बघितले. सोड्याने सोललेली कातडी, बोंडांच्या टोकांनी खरवडलेली नखांची मुळं, विळ्याचे जुने वण. असा एक हात नव्हता की ज्यावर काही नव्हतं. त्या हातांवर इतकं काही होतं आणि मी ते यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या वयाची एक पोरगी, नुकतीच लग्न होऊन आलेली, हात पुढे करून मान खाली घालून रडत होती. मी गंभीर चेहऱ्याने पुढे सरकत होतो.

मावशी शेवटी उभी होती. तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर एक आडवा वण होता. तो दोन महिन्यांचा होता का दोन वर्षांचा, मला आजही माहीत नाही. तिने हात पुढे केला आणि हाताकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मालकांनी विचारलं, काय हो, कधीचा वाटतो?

"दोनेक महिन्यांचा असावा," मी म्हणालो.

तिने हात मागे घेतला. मी वाट पाहत होतो की ती म्हणेल, हळद आहे ती. मग मी काय उत्तर द्यायचं तेही रात्रभर ठरवून ठेवलं होतं. ती काहीच बोलली नाही. मालक वाईट नव्हते. आरडाओरडा केला नाही, त्या आठवड्याची मजुरी दिली आणि उद्यापासून येऊ नको म्हणाले. ती खांद्यावरचं फडकं झटकून निघून गेली.

एडनला खुलासा मीच लिहिला. संबंधित बाईला कामावरून दूर केलं आहे, आमची पद्धत शास्त्रशुद्ध आहे, असं चांगल्या इंग्रजीत लिहिलं. नवा नमुना पाठवताना गोडी पाणी दोन नाही, तीन दिली. लिटमसचा कागद दर हौदाला बुडवला. मालकांनी माझी पाठ थोपटली. एडनवाल्याला माझं पत्र फार आवडलं, इतक्या तत्परतेने कारवाई करणारा कारखाना त्याने पाहिला नव्हता म्हणे. श्रावणात वर्षाची मागणी आली. मालकांनी पेढे वाटले आणि माझा पगार वाढवला. मी तो घेतला.

गावात मात्र गोष्ट पोचली होती. पाण्याच्या गाडीवाल्याने मला सहज सांगितलं, त्याला काही ठाऊक नव्हतं. म्हणाला, औंदा तिच्या फुलवाती कोणी नेल्या नाहीत. देवाच्या समईत लावायची वात, आणि तिने तर जखमी हाताने रक्ताचा कापूस परदेशात पाठवला, कारखान्याची अब्रू घालवली, असं बायका म्हणतात. मालकांच्या घरच्या महालक्ष्म्यांसाठीही वाती बाजारातून आणल्या होत्या. मी त्या दिवशी तिथे जेवायला होतो. दुसऱ्या पुरणपोळीला मी ताटावर हात धरला, आणि वाढणाऱ्या काकू म्हणाल्या, साहेब लाजतात फार.

मागणी आली खरी, पण तिच्यावाचून गुंडाळ्या नीट होईनात. नव्या मुकादमिणीच्या हाताखाली थर फाटायचे, वेढे सैल पडायचे. मालक शेवटी म्हणाले, झालं गेलं, तिला परत बोलवा, बोट बरं झालं असेल. मला जायला सांगितलं. मी सायकल काढली. वाटेत मनाशी भाषण तयार केलं. मजुरी वाढवून देऊ, मालकांना तुझ्याबद्दल मी चांगलंच सांगितलंय, असं बरंच काही. मला खरंच वाटत होतं की मी तिच्यावर उपकार करायला चाललोय.

ती दुसऱ्याच्या वावरात निंदायला गेली होती. बांधावर सायकल टेकवून मी हाक मारली. ती ओळीतून उठून आली, विळा हातातच. मी सगळं भाषण म्हणून दाखवलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, मालकाले सांगतलं काय तुम्ही?

काय सांगायचं, असं मी विचारलं. विचारतानाच माझी मला लाज वाटली, कारण तिला सगळं ठाऊक होतं, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तिने सांगितलं, बोट तिनेच लावलं होतं, आणि लावल्याबरोबर हळद लाल झाली तेव्हाच तिच्या ध्यानात आलं होतं की सोडा राहिला. पेटीला खिळे ठोकणं चालू होतं. माझ्याकडे यायला निघाली होती, पण हौदावरचं माझं बोलणं आठवलं आणि ती माघारी फिरली.

मग त्या दिवशी अंगणात का बोलली नाहीस, असं मी विचारलं. मला वाटतं मी जरा चिडूनच विचारलं, जणू दोष तिचाच होता.

"बोलणारच होती. मंग तुमच्या तोंडाकडे पाह्यलं. मनात आलं, मी बोलली तं या पोराची नोकरी जाते. मले तं कोनाच्याबी वावरात निंदाले भेटते. याले दुसरं काय येते? अन् वाटलं, आज भेलं हाये, दोन दिसांनी आपल्या मनानंच सांगन. म्हून वाट पाह्यली." विळ्याला लागलेली माती तिने अंगठ्याने पुसली. "आता सांगा साहेब, मी परत येऊ तं कोन म्हून येऊ? रगताच्या हाताची म्हून?"

मी म्हणालो, मी मालकांना सांगतो. आजच सांगतो. ती बरं म्हणाली आणि आपल्या ओळीत जाऊन बसली. बाकीच्या बायका पुढे गेल्या होत्या, त्यांना गाठायला तिचे हात भराभर चालू लागले.

परतीच्या वाटेवर मी खरंच सांगायचं ठरवलं होतं. कसं सुरू करायचं ते वाक्यसुद्धा जुळवलं होतं. मालक कारखान्याच्या फाटकातच उभे होते, मुंबईला जाणाऱ्या पेट्या मोजून घेत होते. मला पाहून म्हणाले, काय म्हणते, येते का?

मी सायकलवरून उतरलो.

"नाही म्हणते," मी म्हणालो. "शेतातच बरं आहे म्हणते."

मालकांनी मान हलवली. "पाहा," ते म्हणाले, "आपण होऊन बोलावलं तरी यायचं नाही. या लोकांचं कितीही करा."

मी हो म्हणालो.